बडोद्यातून घेतलेले इंग्लिश फुटबॉल क्लबचे सभासदत्व

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील एका मोठ्या क्लबचे परदेशी चाहत्यांसाठीचे वार्षिक सभासदत्व मी गेल्या हंगामात घेतले. क्लबचे नाव येथे देत नाही. मोठ्या क्लबांच्या अशा योजना थोड्याफार फरकाने सारख्याच असतात आणि मला तपासायचे आहे ते एवढेच की, बडोद्यात राहून वर्षाला सुमारे चार हजार रुपये भरणाऱ्या चाहत्याच्या पदरात त्यातून नेमके काय पडते.

जाहिरातीत सर्वांत ठळक असतो तो तिकिटांवरचा अग्रहक्क. मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांना तो निश्चितच मोलाचा आहे. आपल्यापुढे मात्र मोठी अडचण उभी राहते, कारण दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी सामन्यांच्या तारखा आणि वेळा हंगाम सुरू झाल्यावरही बदलत राहतात आणि शनिवारचा म्हणून जाहीर झालेला सामना रविवारी किंवा सोमवारी रात्रीही जाऊ शकतो. व्हिसा, रजा आणि विमानाचे तिकीट यांची जुळवाजुळव ज्याला काही महिने आधी करावी लागते, त्याने काय करावे याचा विचार योजनेत कुठेही दिसत नाही. पाच-सात वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या परदेशी सभासदांसाठी थोड्या जागा राखून ठेवल्या आणि दिवस बदलल्यास ती जागा घरच्या मैदानावरील दुसऱ्या सामन्यासाठी बदलून दिली, तर या अग्रहक्काला इथे खरा अर्थ येईल. टपालाने येणारे कार्ड, बिल्ला आणि मफलर सुबक आहेत. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

खरा उपयोग झाला तो अ‍ॅपवरील पूर्ण सामन्यांचा. इंग्लंडमध्ये मध्यरात्र उलटली की क्लब त्या दिवशीचा संपूर्ण सामना सभासदांसाठी खुला करतो. तेव्हा आपल्याकडे हंगामाच्या सुरुवातीला पहाटेचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. रात्री अकराला सुरू होणाऱ्या सामन्यासाठी जागणे ज्यांना परवडत नाही, मग ती शाळकरी मुले असोत की मकरपुऱ्याच्या कारखान्यांत सकाळची पाळी करणारे कामगार, त्यांना रविवारी सकाळी चहा घेताना अख्खा सामना निवांत पाहता येतो. या एका सोयीसाठी मी योजनेला मनापासून चांगले गुण देईन. क्लबने मात्र भारतातील जाहिरातीत तिचा साधा उल्लेखही केलेला नाही.

वेळेच्या बाबतीत आपण काहीसे भाग्यवानही आहोत. इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करता येत नाही. लोकांनी घरी न बसता आपल्या गावच्या मैदानावर जावे, असा त्यामागचा जुना हेतू आहे. त्यामुळे दुपारी तीनचा सामना मैदानाशेजारी राहणाऱ्या, पण तिकीट न मिळालेल्या माणसाला थेट दिसत नाही आणि बडोद्यात तो रात्री साडेसात किंवा साडेआठला पाहता येतो. साडेबाराचा सामना तर आपल्याकडे संध्याकाळी पाच किंवा सहाला, म्हणजे घरातील सर्वांना एकत्र बसता येईल अशा वेळी येतो. नवा चाहता घडतो तो याच वेळी. अशा दिवशी अ‍ॅपवर हिंदीत, मराठीत किंवा गुजरातीत दोन ओळी तरी असाव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही. माझ्या क्लबच्या अ‍ॅपवर एकही भारतीय भाषा नाही.

योजनेची सर्वांत दुबळी बाजू आहे स्थानिक गटांची. अधिकृत चाहता मंडळ म्हणून मान्यता हवी असेल तर ठरावीक संख्येने सशुल्क सभासद दाखवावे लागतात. इथे सामने पाहणाऱ्यांत विद्यापीठातील विद्यार्थी अधिक, आणि त्यांना हे शुल्क जड जाते. इंग्लंडमध्ये चाहते सहसा पबमध्ये जमतात. गुजरातमध्ये दारूबंदी असल्याने आमचा गट फतेहगंजमधील एका कॅफेत जमतो आणि युरोपातील आघाडीच्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेतील मध्यरात्रीनंतरच्या साडेबारा-दीडच्या सामन्यांना दांडिया बाजारातील एका सभासदाच्या जुन्या घरात. तिथे आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे असतात. पबमध्ये कधीही न आलेला प्रेक्षक इथे आपोआप मिळतो, हे क्लबने ओळखायला हवे. शुल्काची अट बाजूला ठेवून नियमित जमणाऱ्या गटाला मान्यता, एक मोठा ध्वज आणि वर्षातून एकदा एखाद्या माजी खेळाडूशी दृक्‌श्राव्य संवाद एवढे दिले, तरी मोठ्या जाहिरातफलकांपेक्षा अधिक काम होईल, असे माझे ठाम मत आहे.

परदेशी क्लबांनी भारताकडे पाहिलेच नाही, असे नाही. बायर्न म्युनिक हा जर्मन क्लब २००८ मध्ये आपला गोलरक्षक ऑलिव्हर कान याला निरोप देताना कोलकात्यात मोहन बागानशी खेळला आणि २०१२ मध्ये भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतियाच्या निरोपाच्या सामन्यासाठी दिल्लीत आला. पुण्याच्या वेंकीज समूहाने २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लिश क्लब विकत घेतल्यावर पुढच्याच वर्षी तो संघ पुण्यात खेळून गेला. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीतील ६५ टक्के हिस्सा घेतला. हे सगळे महानगरांतले झाले. विजय हजारे यांच्यापासून हार्दिक पांड्यापर्यंत क्रिकेटपटू देणाऱ्या बडोद्यात असा संघ येणार नाही, हे मान्य करूनच क्लबने येथील मुलांचा विचार केला पाहिजे. एखाद्या शाळेत आठवडाभराचे प्रशिक्षण शिबिर घेतले, तर त्या मुलांचे पालकही सामने पाहू लागतील.

थेट सामने पाहण्यासाठी या सभासदत्वाचा उपयोग नाही. त्यासाठी प्रक्षेपण वाहिनीचे वेगळे शुल्क भरावे लागते, हे घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे. इंग्लंडला जाण्याचा बेत नसेल, तर प्रौढांसाठीचे महागडे सभासदत्व घेऊ नये. पुढच्या हंगामात मी फक्त अ‍ॅपची स्वस्त वर्गणी भरणार आहे आणि भाच्यासाठी कनिष्ठ सभासदत्व घेणार आहे. गटाच्या मान्यतेची अट विद्यार्थ्यांसाठी शिथिल करावी, असे पत्र आम्ही क्लबच्या सभासद विभागाला पाठवले असून त्याचे उत्तर अजून यायचे आहे.