पत्र्याच्या छपराचं काम, निसर्ग वादळानंतर करून घेतलेलं (5 पैकी 4)

मुळशी-मावळात घर असेल आणि पत्रे टाकायचे असतील तर वाचा, पुण्यात टेरेसवर शेड मारणाऱ्यांनीपण वाचायला हरकत नाही. भूगावच्या पुढे पौड रोडला फॅब्रिकेशनचं एक छोटं वर्कशॉप आहे, त्यांच्याकडून काकांच्या गावच्या घराचं छप्पर करून घेतलं. नाव टाकत नाहीये कारण खाली थोडी बोंबपण मारायचीय.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, किनाऱ्यावर वारा ताशी 110 ते 120 किमी. आपला समज असा की वादळ म्हणजे कोकणवाल्यांची डोकेदुखी, घाट चढेपर्यंत त्याचा दम जातो. गेलाही होता, पण उरलेल्या दमात मुळशी, मावळ, खेड, जुन्नर सगळीकडे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे, पॉलिहाऊसचा कागद फाटून लोंबतोय, पुण्यात झाडं पडलेली. काकांच्या पडवीचे पत्रे राब भाजलेल्या खाचरात जाऊन पडले, आणि गंमत म्हणजे पत्रे धड होते, पत्रे धरून ठेवणारे J आकाराचे हुकच सरळ होऊन निसटले होते! पत्र्यांवर दगड आणि जुने टायर ठेवलेले, ते पण अंगणात. त्यात लॉकडाऊन, कामगार गावाला गेलेले, पत्र्यांना सगळीकडून मागणी, त्यामुळे पंचनामा झाल्यावर पण बराच काळ ताडपत्रीवरच काढला.

आता वर्कशॉपवाल्याबद्दल. आम्ही गेलो ते "जाडातला जाड पत्रा द्या" म्हणत. तो म्हणाला, "दादा, जाड घ्या की, पण उडायचा तो कडंनं उडतो." मग पत्र्याचा तुकडा हातात धरून दाखवलं, वारा छपरावरून वेगात गेला की पत्र्याला वर ओढतो आणि पडवीतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो, दोन्ही जोर एकाच दिशेला, आणि सगळ्यात जास्त ओढ कडेला आणि कोपऱ्यात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो हे आपण शाळेत शिकलेलो असतो पण छप्पर करताना कोणाला आठवतं.

तर त्याने काय केलं, पत्रा 0.50 एमएमचा कलर कोटेड साधाच घेतला आणि पैसे बाकीच्या गोष्टींवर घालायला लावले. J हुक बंद, रबर वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, मधल्या भागात पत्र्याच्या नळीचा एक उभार सोडून एक आणि कडेला मात्र प्रत्येक उभारावर. कडेच्या पर्लिन (ज्यावर पत्रा बसतो त्या आडव्या पट्ट्या) एकमेकींच्या जवळ. कैच्यांच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांच्या) खाली प्लेट टाकून बीममध्ये अँकर बोल्ट, कारण पत्रा कैचीला घट्ट आणि कैची भिंतीवर नुसती टेकलेली असली तर अख्खा सांगाडाच उचलला जातो. आणि पुढे आलेलं छप्पर कापून दीड फुटावर आणलं. यावरून काकू अजून चिडलेल्या आहेत, पावसाचा सपकारा थेट ओट्यावर येतो, वाळवणं आत घ्यावी लागतात, आणि त्यांचं म्हणणं चूक नाहीये. पण छप्पर आधीसारखं लांब बाहेर ठेवलं असतं तर वाऱ्याला धरायला आयतं हँडल.

परीक्षा पुढच्याच वर्षी झाली. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याच्या कडेकडेने गुजरातला गेलं तेव्हा इकडे पण वारा सुटला होता, रात्रभर काका जागे, सकाळी एक स्क्रूपण ढिला नाही. नंतरचे वळीव वगैरे तर किती झाले. गळती आजवर नाही.

आता बोंब. दिलेली तारीख कधीच पाळली नाही, "उद्या माणसं पाठवतो" हे वाक्य त्याच्या तोंडात कायमचं बसलंय. पक्कं बिल मागितलं तर चेहरा पडला. आणि सगळ्यात राग आला तो यावर की स्क्रू मारताना पडलेला लोखंडी चुरा पत्र्यावरून झाडलाच नाही, पहिल्या पावसात तो गंजला आणि निळ्या पत्र्यावर तपकिरी ठिपके उठले ते आजपण दिसतात. तुम्ही काम करून घेताना त्याच दिवशी संध्याकाळी कोणाला तरी झाडू घेऊन वर पाठवाच. आवाजाचं विचारू नका, जुलैमध्ये आत बसून फोनवर बोलता येत नाही, पण तो पत्र्याचा धर्मच आहे, त्याचे मार्क कापले नाहीत, खाली फॉल्स सीलिंग करायचं तर वेगळा खर्च.

उन्हाने काही वॉशर कडक झाले होते, ते मागच्या उन्हाळ्यात बदलून घेतले, तेव्हा मात्र फोन केल्यावर माणूस आला आणि मजुरीपण वाजवी लावली. काम द्यायचं तर दिवाळीनंतर लगेच द्या, एप्रिल-मेमध्ये अख्खा तालुका त्याच्या दारात उभा असतो आणि तो फोन उचलत नाही.