सांगलीत नोकरी शोधताना : छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळाचा तीन महिन्यांचा अनुभव

मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर, पाच वर्षांच्या खंडानंतर, मी पुन्हा हिशेबाचे काम शोधायला सुरुवात केली. बी.कॉम. झालेले, टॅली येते, जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचा पूर्वीचा अनुभव, आणि काम सांगली-मिरज परिसरातच हवे, एवढीच माझी अट होती. जुन्या दुचाक्या, भाड्याची घरे आणि नोकऱ्या यांच्या जाहिराती एकत्र देणाऱ्या एका लोकप्रिय संकेतस्थळाचा नोकरी विभाग मी तीन महिने रोज पाहिला आणि अखेर तिथूनच मला नोकरी मिळाली. तरीही माझे मत संमिश्र आहे. चांगली जाहिरात तिथे असते, पण संकेतस्थळ ती तुमच्यापुढे आणून ठेवत नाही. ती आपल्यालाच खणून काढावी लागते.

पहिली अडचण गावाची आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महानगरपालिका १९९८ पासून एकच आहे आणि मिरजेत राहून कुपवाडच्या एमआयडीसीत रोज कामाला जाणारी माणसे घरोघरी आहेत. संकेतस्थळ मात्र ही तीन वेगळी शहरे मानते. ‘सांगली’ निवडले की मिरजेची जाहिरात वगळली जाते आणि पुण्याच्या कॉल सेंटरची पहिल्या पानावर येते. महिनाभर मी एकाच गावाच्या नावाने शोधत राहिले, त्यात बराच वेळ वाया गेला.

दुसरी अडचण शब्दांची आहे आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. मार्केट यार्डातील अडत दुकानांत, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानांत, हिशेब ठेवणाऱ्याला कोणी अकाउंटंट म्हणत नाही, दिवाणजी म्हणतात. हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे झाले की अडत (विक्रीवरचे कमिशन), हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी) यांचा मेळ घालून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब, तयार करणे हे त्याचे काम. ‘अकाउंटंट’ या वर्गात शोधणाऱ्याला या दुकानांच्या जाहिराती दिसतच नाहीत, कारण मालकाने किंवा त्याच्या मुलाने घाईने ‘इतर’ या वर्गात दोन ओळी टाकलेल्या असतात. ज्या दिवशी मी देवनागरीत ‘दिवाणजी पाहिजे’ असे लिहून शोधले, त्या दिवशी यार्डातील चार दुकाने एकदम समोर आली. उलट सुबक मांडणीच्या, मोठ्या पगाराच्या आणि ‘त्वरित भरती’ असे ठळकपणे लिहिलेल्या जाहिरातींपैकी बहुतेक नोकरी मिळवून देणाऱ्या दलालांच्या निघाल्या.

अशाच एका जाहिरातीवरून मी विश्रामबाग भागातील एका कार्यालयात गेले. तिथे नोंदणी शुल्क म्हणून माझ्याकडून १,२०० रुपये घेतले, पावती दिली नाही, दोन आठवडे ‘मुलाखत ठरते आहे’ असे सांगितले आणि मग फोन उचलणे बंद केले. त्या पैशांपेक्षा मला याचे अधिक वाईट वाटले की माझ्याआधी रांगेत एक मुलगी आईला सोबत घेऊन बसली होती आणि तिनेही तेवढेच पैसे मोजून दिले. मी संकेतस्थळाकडे तक्रार केली. जाहिरात काढली गेली आणि आठवड्याभरात तोच मजकूर दुसऱ्या क्रमांकासह पुन्हा झळकला. घरबसल्या फॉर्म भरण्याच्या कामाचीही एक जाहिरात होती. त्यात आधी ऑनलाइन करारावर सही मागितली होती आणि चुका झाल्यास दंडाची अट होती, म्हणून मी तिथेच थांबले. कोणाचे पैसे अशा प्रकारात गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

सरकारी पर्याय मी पाहिले नाहीत असे नाही. केंद्राचे २०१५ पासून चालणारे नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचे महास्वयम ही नोकरीची संकेतस्थळे आहेत. दोन्हींवर नोंदणी विनामूल्य आहे आणि ती प्रत्येकाने करावी. पण रिक्त जागा कळवण्याचे बंधन १९५९ च्या कायद्याने खासगी क्षेत्रात २५ किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवरच घातले होते. चार-पाच माणसांवर चालणारे अडत दुकान तिथे दिसण्याची शक्यता म्हणूनच कमी, आणि माझ्यासारखीला सोयीचे काम नेमके अशाच ठिकाणी असते.

माझा क्रमांक जाहिरातदारांना सहज दिसत असल्याने सुरुवातीला रात्री दहानंतरही अनोळखी फोन येत. क्रमांक लपवण्याची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये इतकी आत आहे की मला ती भाच्याने दाखवली. स्त्रियांनी पहिल्याच दिवशी ते करून घ्यावे.

यार्डातील एका अडत दुकानात मुलाखतीला गेले तेव्हा जाहिरातीतील ‘पगार १२,००० ते २५,०००’ याचा अर्थ १३,००० असा निघाला. वीसपेक्षा कमी माणसे असल्याने भविष्य निर्वाह निधी नव्हता, तेही मी विचारल्यावर कळले. मात्र मालकांनी सर्व काही स्पष्ट सांगितले, कोणतेही शुल्क किंवा मूळ कागदपत्रे मागितली नाहीत, आणि मुलीच्या शाळेच्या वेळेनुसार साडेदहाला येण्याची मुभा दिली. हंगामात, नवी हळद यार्डात येऊ लागली की संध्याकाळी उशीर होतो, हेही त्यांनी आधीच सांगितले होते.

रुजू होऊन मला आता चार महिने झाले. जागा भरल्याचे कळवूनही संकेतस्थळावर आमच्या दुकानाची ती जाहिरात अजून तशीच आहे. त्यावरून येणारे फोन मीच घेते, जागा भरल्याचे सांगते, आणि यार्डात दुसरीकडे माणूस हवा असल्याचे कानावर आले असेल तर त्या दुकानाचा गाळा क्रमांक देते.