स्वीटसीआरएम ७ : पॅच कधी टाकायचा हे आपण ठरवायचं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमची कंपनी द्राक्षबागेच्या फवारणीचे ब्लोअर बनवते आणि त्यांची सर्व्हिसही करते. सर्व्हिस डेस्क आणि सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर), दोन्ही माझ्याकडे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत पट्ट्यातले ग्राहक, त्यांच्या मशीनचे सिरियल नंबर, एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) तारखा, तक्रारी, सगळं आमच्याच सर्व्हरवर बसवलेल्या स्वीटसीआरएम ७ मध्ये आहे. फीचर्सवर बरंच वाचायला मिळतं. मी फक्त आवृत्ती आणि पॅच (दुरुस्तीची छोटी अपडेट) या बाजूने लिहिते आहे, कारण सीआरएम घेताना हे कुणी विचारत नाही आणि पुढे तेच जीव खातं.

आधी थोडं मूळ. स्वीटसीआरएम हे शुगरसीआरएमच्या मोफत कम्युनिटी आवृत्तीतून २०१३ साली वेगळं काढलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्याची खूण अजून दिसते. ‘अबाउट’ पान उघडलं की दोन नंबर येतात: एक स्वीटचा, ७ ने सुरू होणारा, आणि खाली शुगरचा ६.५.२५. नवा माणूस इथे हमखास गोंधळतो. आपली आवृत्ती म्हणजे वरचा नंबर. खालचाही निरुपयोगी नाही: अ‍ॅड-ऑनच्या पॅकेजमध्ये मॅनिफेस्ट नावाची फाइल असते, तीत हे पॅकेज कोणत्या आवृत्त्यांवर चालेल ते लिहिलेलं असतं, आणि जुन्या अ‍ॅड-ऑनमध्ये तिथे शुगरचाच नंबर असतो. सपोर्टला फोन करताना दोन्ही नंबर सांगावेत.

नंबर वाचायची रीत सरळ आहे. पहिला आकडा मोठ्या बदलाचा, दुसरा नव्या सोयींचा, तिसरा दुरुस्त्यांचा. ७.१० ही ७.९ च्या पुढची आवृत्ती. आमच्या अकाउंट्समधल्या भाऊंना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या हिशोबात ७.१० म्हणजे ७.१. तेव्हापासून रजिस्टरमध्ये आम्ही तिन्ही आकडे पूर्ण लिहितो, शेजारी तारीख आणि पॅच टाकणाऱ्याची सही.

आता मला हे सॉफ्टवेअर का आवडतं ते. ऑक्टोबर छाटणी झाली की डाउनी रोगाच्या धास्तीने बागायतदार फवारणीला लागतो. पाऊस झाला तर एक दिवसही थांबता येत नाही. त्या दिवसांत सकाळी सातला फोन येतो, “ताई, ब्लोअर बंद पडलाय, माणूस कधी पाठवताय?” मला त्याच मिनिटाला त्याचं मशीन, मागची तक्रार आणि जवळचा इंजिनिअर स्क्रीनवर हवा असतो. भाड्याच्या क्लाउड सीआरएमची अपडेट कंपनीच्या वेळापत्रकाने येतात. सेल्सफोर्सच्या वर्षाला तीन मोठ्या रिलीज असतात, त्यातली ‘विंटर’ साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात लागू होते. आधी सँडबॉक्समध्ये (चाचणीच्या प्रतीत) बघता येते हे खरं, पण ती पुढे ढकलणं आपल्या हातात नसतं. आमच्या धंद्याला नेमका तोच काळ नको. स्वीटमध्ये झिप पॅकेज आपण उतरवायचं, आपणच टाकायचं. त्यामुळे नव्या सोयींची अपडेट आम्ही पावसाळ्यात उरकतो आणि छाटणीच्या सुमारास हात लावत नाही. सुरक्षेच्या पॅचला मात्र हा नियम नाही. रिलीज नोट्समध्ये सिक्युरिटीचं कलम दिसलं की टेस्ट करून तो लगेच टाकायचा, हंगाम असो वा नसो. ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते आपल्या भरवशावर असतात.

नवी आवृत्ती पायरीपायरीने टाकून देणारा अपग्रेड विझार्ड चांगला आहे. पॅकेजच्या नावातच कुठून कुठपर्यंतची आवृत्ती ते लिहिलेलं असतं, त्यामुळे चुकीची झिप निवडायचा धोका कमी. विझार्ड आधी फायलींच्या परवानग्या तपासतो, मग प्रीफ्लाइट चेक (बदलाआधीची तपासणी), मग प्रत्यक्ष बदल. पहिल्यांदा अडतं ते अपलोडवर: पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी असते आणि पॅकेज त्याहून बरंच मोठं. ती मर्यादा आधी वाढवून घ्या. सगळं झाल्यावर ‘क्विक रिपेअर अँड रिबिल्ड’ चालवायचं आणि पान अगदी तळापर्यंत बघायचं. डेटाबेस आणि कोड जुळत नसतील तर तिथे खाली क्वेरी आणि ‘एक्झिक्युट’चं बटण येतं. बरेच जण वरचा मजकूर बघून पान बंद करतात, मग नवी फील्ड सेव्ह होत नाही म्हणून ओरडतात.

सगळ्यात मोठी गोष्ट ‘कस्टम’ फोल्डरची. आपले बदल त्यात असतील तर अपग्रेडनंतर टिकतात. मूळ फाइलमध्ये घुसवलेला बदल नवी फाइल आली की पुसला जातो. आमच्याकडे आधी काम केलेल्या एका फ्रीलान्सरने एएमसीची पुढची सर्व्हिस तारीख काढायचा कोड थेट तक्रारींच्या मूळ फाइलमध्ये लिहून ठेवला होता, कुठे नोंद नाही, काही नाही. तिसऱ्या आकड्याचा साधा पॅच टाकला आणि सर्व्हिस यादीत नवी तारीख येणंच थांबलं. एररही नाही. पिंपळगावच्या इंजिनिअरने विचारलं, “ताई, या आठवड्यात एकही व्हिजिट नाही का?” तेव्हा कळलं.

यावर उपाय सॉफ्टवेअरमध्येच निघाला, आणि तो फारसा कुणी वापरत नाही. अ‍ॅडमिनमधल्या ‘डायग्नोस्टिक टूल’मध्ये एमडी५चा, म्हणजे प्रत्येक फाइलची खूण काढायचा, पर्याय आहे. त्यातून मूळ फायलींच्या खुणांची यादी आणि तुमच्या सर्व्हरवरच्या फायलींची यादी, दोन्ही मिळतात. बॅकअपमधली जुनी सिस्टिम उभी करून आम्ही त्या याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि हात लावलेली प्रत्येक फाइल सापडली. मग तो कोड लॉजिक हुक (नोंद सेव्ह होण्यासारख्या वेळी आपोआप चालणारा कोड) म्हणून ‘कस्टम’मध्ये हलवला. त्यानंतरच्या पॅचमध्ये तारीख हललेली नाही. कुणी दुसऱ्याने उभं केलेलं स्वीट ताब्यात घेत असाल तर पहिल्या पॅचआधी हे कराच.

बॅकअप म्हणजे डेटाबेस आणि फायली दोन्ही, एकाच वेळचे. ग्राहकांनी पाठवलेले तुटलेल्या पंख्याचे फोटो ‘अपलोड’ फोल्डरमध्ये असतात, डेटाबेसमध्ये नाही. आणि टेस्ट कॉपी उभी केली की आधी तिची साइट यूआरएल बदला, शेड्युलर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा भाग) आणि बाहेर जाणारे मेल बंद करा. नाहीतर टेस्ट कॉपी खऱ्या ग्राहकांना खऱ्या आठवणी पाठवत बसते.

उणी बाजूही आहे. हे सगळं बघायला घरात कुणीतरी लागतं. लिनक्स सर्व्हरवर हात फिरणारा माणूस नसेल तर सॉफ्टवेअर मोफत असूनही महागात पडेल. दोन-तीन जणांच्या दुकानाला मी हे सुचवणार नाही. मागे फिरायचं बटण विझार्डमध्ये नाही, परतीचा रस्ता म्हणजे तुमचा बॅकअप. स्क्रीनही जुन्या वळणाची आहे.

स्वीटसीआरएम ८ आलं आहे, समोरचा भाग अँग्युलरवर आणि मागचा सिम्फनीवर नव्याने बांधलेला, आत जुना ७ चा कोड ‘लेगसी’ फोल्डरमध्ये. तिथे अपग्रेड कमांड लाइनवरून दोन टप्प्यांत होतं, म्हणजे विझार्डची सवय असलेल्यांना नवं शिकावं लागेल. आमची टेस्ट कॉपी ८ वर चालू आहे. तक्रारींचा हुक तिथे नीट चालतो, पण इंजिनिअरांसाठी बनवलेली छापील जॉब शीट अजून जुळलेली नाही. ती जुळली तर पुढच्या पावसाळ्यात हलवू, नाहीतर ७ चे पॅच टाकत राहू.