टॅलनचे सस्पेंशन जुळवून घेतले: फिनिक्समधील एका छोट्या दुकानाचा अनुभव

माझ्याकडे होंडा टॅलन १००० आर ही दोन आसनांची साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी बसून खडबडीत वाटांवर चालवायची, गाडी आहे. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्सचे ऊन सोसवण्याजोगे असते तेव्हा, लेक प्लेझंटजवळच्या बोल्डर्स परिसरात किंवा ब्रॅडशॉ डोंगरांतून क्राउन किंगकडे चढणाऱ्या दगडी वाटेवर ती दर पंधरवड्याला चालते. यंदाच्या जानेवारीत केवळ सस्पेंशनचेच काम करणाऱ्या एका छोट्या दुकानातून मी तिच्या चारही चाकांच्या स्प्रिंगा बदलून घेतल्या आणि संपूर्ण सस्पेंशन माझ्या ओझ्यानुसार जुळवून घेतले. त्यानंतर सुमारे ४०० मैल चालवून झाल्यावर हे लिहीत आहे.

गाडी मुळात उत्तम आहे. पुढच्या चाकांना १७.७ इंच आणि मागच्यांना २०.१ इंच वर-खाली होण्याची मोकळीक आहे आणि चारही कोपऱ्यांना फॉक्स कंपनीचे २.५ इंची पॉडियम क्यूएस३ शॉक (धक्के शोषणारे दांडे) आहेत. परंतु गेल्या तीन वर्षांत मी तिच्यावर ॲल्युमिनियमचे छप्पर, पुढची काच, पूर्ण आकाराचे जादा चाक, अवजारांची पेटी आणि पाण्याचा कूलर चढवत गेलो आणि यातले बहुतेक ओझे मागच्या बाजूला आले. त्यामुळे गाडीचे नाक वर उचलले जाऊन वळणावर पुढची चाके जमीन नीट धरत नव्हती आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रातून जाताना मागचे सस्पेंशन वारंवार पूर्ण दबून तळाला लागत होते. माझे वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. मागच्या दिवाळीत ते इथे आले असताना त्यांनी दुरून पाहूनच सांगितले की गाडी मागून बसली आहे आणि शॉकला दोष देण्याआधी ती भरलेल्या अवस्थेत मोजायला हवी.

दुकानात नेमके तेच झाले, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग हाच होता. त्यांनी मला गाडी नेहमीच्या सामानासह, भरलेल्या टाकीसह आणि शक्य असल्यास पत्नीसह आणायला सांगितले होते. आम्ही दोघे आसनांवर बसून असताना प्रत्येक चाकाखाली वेगळा वजनकाटा ठेवून चारही कोपऱ्यांचे वजन घेतले गेले. त्यानंतर गाडी काही फूट पुढे-मागे ढकलून मगच जमिनीपासून चासीची उंची मोजली गेली. हे ढकलणे वरवर किरकोळ वाटते. मात्र जॅकवरून खाली घेतलेल्या गाडीची चाके आत ओढलेल्या अवस्थेत जमिनीला टेकतात, टायर घट्ट चिकटून राहतात आणि गाडी खोटीच उंच दिसते. घरी पट्टी घेऊन मोजताना मी दोन वर्षे हीच चूक करत होतो आणि त्या चुकीच्या मापावर प्रीलोडची कडी, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी शॉकवरची कडी, आवळत होतो.

प्रीलोडबद्दल तिथल्या तंत्रज्ञाने जे समजावून सांगितले ते इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कडी आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. तिची गाडी पेलण्याची पातळी तेवढी बदलते आणि गाडी उंचावते. कमजोर स्प्रिंगवर कडी आवळतच राहिल्यास गाडी उंच दिसते खरी, पण चाकाला खाली लोंबण्यासाठी जागा उरत नाही, त्यामुळे खड्डा आला की चाक अधांतरी राहते आणि तळाला लागण्याचे प्रमाणही फारसे घटत नाही. उपाय एकच आहे, तो म्हणजे प्रत्यक्ष वजनाला साजेशी स्प्रिंग.

या शॉकवर एकावर एक अशा दोन स्प्रिंगा असतात. एक इंच दबायला समजा एकीला १०० पौंड आणि दुसरीला २०० पौंड लागत असतील, तर दोन्ही मिळून सुमारे ६७ पौंडांतच एक इंच दबतात, आणि म्हणूनच बारीक खडीवर गाडी मऊ चालते. दोहोंच्या मध्ये सरकणारा एक तुकडा असतो. तो वरच्या क्रॉसओव्हर रिंगला टेकला की वरची स्प्रिंग कामातून बाद होते आणि त्यापुढे एकट्या २०० पौंडवालीला भार सोसावा लागतो, म्हणजे कडकपणा एकदम तिप्पट होतो. ही रिंग तुकड्याच्या जितकी जवळ, तितका हा बदल लवकर येतो. मोठ्या उड्या मारणाऱ्यांना तो लवकर हवा असतो, तर दगडांवरून सावकाश चढणाऱ्या आमच्यासारख्यांना उशिरा.

तक्रार आहे ती इथेच. पहिल्या जुळवणीत त्यांनी रिंग फार जवळ बसवली होती. वाळूतल्या सलग उंचवट्यांवर, म्हणजे व्हूप्सवर, गाडी उत्कृष्ट चालली, परंतु क्राउन किंगच्या वाटेवर प्रत्येक दगडाचा गचका थेट पाठीत बसू लागला आणि पत्नीने अर्ध्यातूनच परत फिरायला लावले. आमच्या वाटा कोणत्या हे मी आधी स्पष्ट सांगितले होते, तेव्हा ही चूक टाळता आली असती. मात्र परत गेल्यावर त्यांनी कोणताही वाद न घालता चारही रिंगा सरकवून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. दुसरी उणीव मला अधिक खटकते. केलेल्या मापांची लेखी नोंद त्यांनी दिली नाही. उंची, कडीची जागा आणि रिंगची जागा या गोष्टी कागदावर नसतील तर पुढे काही बदलल्यावर मूळ जागी परत येणे अवघड होते. शेवटी मी स्वतःच पट्टी लावून सर्व मापे वहीत उतरवून घेतली, आणि इतरांनीही गाडी दुकानाबाहेर काढण्यापूर्वी ती अवश्य मागून घ्यावीत.

दुसऱ्या जुळवणीनंतरचा फरक मात्र मनापासून समाधान देणारा आहे. क्यूएस३ शॉकवर मऊ, मध्यम आणि कडक अशा तीन पायऱ्यांची घुंडी असते. ती शॉक दबण्याच्या वेगाला विरोध करते, गाडी पेलत नाही. पूर्वी बसलेली गाडी सावरण्यासाठी मी घुंडी कायम कडक ठेवत असे आणि म्हणूनच प्रत्येक लहान दगड जाणवत असे. आता दगडांवर मऊ आणि ओढ्याच्या वाळूत मध्यम एवढेच पुरते. शॉकच्या दांड्यावर मी बांधलेली, शॉक दबला की सरकणारी प्लास्टिकची पट्टी दाखवते की मागचे चाक अजूनही वर-खाली होण्याची जवळजवळ सगळी मोकळीक वापरते, पण तळाचा धक्का ४०० मैलांत एकदाच बसला आणि तोही माझ्या अतिवेगामुळे. वळणावर पुढची चाके जमीन धरतात, हा सुरक्षिततेच्या दृष्टीने मला सर्वांत मोठा लाभ वाटतो.

आठ स्प्रिंगा आणि मजुरी मिळून सुमारे १,२०० डॉलर खर्च आला आणि गाडी दोन दिवस दुकानात राहिली. ज्यांची गाडी अद्याप मूळ वजनाची आहे त्यांनी हा खर्च करू नये. त्यांनी आधी टायरमधली हवा आणि भरलेल्या गाडीची उंची तपासावी, बहुधा कडी थोडी फिरवूनच काम भागेल. ओझे वाढवलेल्यांनी महागडे नवे शॉक घेण्याआधी अशा दुकानाकडे निःसंकोच जावे. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला किंचित बसतात, म्हणून पुढच्या महिन्यात मी उंची पुन्हा मोजून घेणार आहे, आणि या वेळी आकडे त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घेईन.