कुणी कुठं मत दिलं ते नावानिशी दाखवणारी वेबसाइट: सिनेट डॉट गव्ह

माझी भाची टेक्सासमधी राहते, आता तिकडची नागरिक झाली, मतदानाचा हक्क मिळाला. तिची लेक शाळेत जायली आणि तिथं लेकरांकडून दिवे बंद करून कोपऱ्यात गप बसायचा सराव करून घेतात, कुणी बंदूक घेऊन शाळेत घुसलं तर काय करायचं म्हणून. फोनवर म्हणली, मामा, बंदुकीच्या कायद्यावर आमच्या नेत्यांनी आजवर खरंच काय केलं ते भाषणावरून कळंना. मला विचारलं कारण आमच्या घरात बंदूक आहे. लातूर जिल्ह्यात शेती, वडलांपासूनची ठासणीची बंदूक, पीक संरक्षणाचा परवाना, रोह्यांचा कळप हरभऱ्यात घुसला की हवेत बार काढायला. आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. त्यामुळं हा विषय माझ्यासाठी घरातलाच.

तर अमेरिकन सिनेटची, म्हणजे तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहाची, ही वेबसाइट चार रात्री बसून बघितली. फुकट आहे, लॉगिन नाही, जाहिरात नाही. रोल कॉल म्हणून भाग आहे, त्यात प्रत्येक मतदानाला नंबर आणि खाली शंभर सिनेटरांची नावं, हो म्हणले का नाही म्हणले ते समोर. नावानुसार बघा, बाजूनुसार बघा नाहीतर राज्यानुसार बघा. मी राज्यानुसार उघडलं आणि टेक्सासवर आलो, आणि खरं सांगतो, लई वेळ त्याच पानावर होतो.

24 मे 2022 ला टेक्सासच्याच युवाल्डी गावात शाळेत 19 लेकरं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर महिन्याभरात केंद्राचा कायदा झाला, 21 वर्षांखालचा कुणी बंदूक घ्यायला आला तर त्याचं अल्पवयातलं रेकॉर्डसुद्धा तपासायचं वगैरे. सिनेटमधी 65 विरुद्ध 33 नं पास. टेक्सासचे दोन्ही सिनेटर एकाच रिपब्लिकन पक्षाचे, पण जॉन कॉर्निन हो म्हणले आणि टेड क्रूझ नाही म्हणले. कॉर्निन तर हा कायदा जुळवून आणणाऱ्यांतले, त्यापायी स्वतःच्या पक्षाच्या अधिवेशनात लोकांनी त्यांच्यावर आरडाओरडा केला. पक्षाचं चिन्ह बघून ठरवलं असतं तर हा फरक भाचीला कधीच दिसला नसता.

मग मागं गेलो. 2013, सँडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडानंतरचं मतदान, बंदुका विकताना आणखी जास्त ठिकाणी गिऱ्हाइकाची तपासणी करायची अशी दुरुस्ती होती. 54 विरुद्ध 46, पण 60 लागत होते म्हणून पडली. तिथं क्रूझ आणि कॉर्निन दोघंही नाही. म्हणजे नऊ वर्षांत एक माणूस सरकला, एक होता तिथंच राहिला. आता कुणाला कॉर्निन पटतील, कुणाला क्रूझ, ते ज्यानं त्यानं बघावं, पण दिसतंय तरी!

एक ध्यानात ठेवा, इथं फक्त सिनेट आहे. सिनेटर बर्नी सँडर्स यांच्यासारखे जे आधी हाउसमधी, म्हणजे खालच्या सभागृहात होते, त्यांचं जुनं बघायचं तर हाउसच्या क्लार्कच्या, म्हणजे तिथलं रेकॉर्ड ठेवणाऱ्या कार्यालयाच्या वेबसाइटवर जावं लागतं. सँडर्स यांनी 1993 ला ब्रेडी कायद्याला, म्हणजे बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची तपासणी करायच्या कायद्याला, विरोध केला होता आणि 2005 ला बंदूक कंपन्यांना खटल्यांपासून वाचवणाऱ्या कायद्याला पाठिंबा, हे मला आधी माहीतच नव्हतं. एनआरए ही बंदूकवाल्यांची संघटना नेत्यांना ए ते एफ अशी ग्रेड देते, लोक तीच धरून बसतात. पण ग्रेड देणारा एका बाजूचा आहे ना, मूळ मतच बघावं. आणि टेक्सासमधी 2021 पासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं ते राज्याच्या कायद्यानं, ते या सिनेटरांच्या नावावर धरू नका.

आता मनाला लागलेली गोष्ट. आपल्याकडं 2019 च्या डिसेंबरमधी शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, एका माणसाला तीनच्या जागी दोन बंदुका, परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं, लग्नावरातीत बार काढून कुणाच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद. विधेयक आलं तेव्हा तर एकच बंदूक ठेवायची होती, नंतर दोन झाल्या. माझ्या घरातल्या बंदुकीचा हा कायदा, तर म्हणलं आपल्याकडच्या खासदारांनी काय मत दिलं बघावं. दोन्ही सभागृहांत आवाजी मतदान! हो म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा, झालं पास, नाव कुणाचंच नाही. पीआरएस या संसदेच्या कामाची माहिती देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चा सगळं मिळतं, पण जे मत नोंदलंच नाही ते कोण दाखवणार? आणि नोंदलं असतं तरी व्हीप, पक्षाविरुद्ध गेला की खासदारकी जाणार. मग कॉर्निन आणि क्रूझसारखा एकाच पक्षातला फरक आपल्याला दिसायचा कुठून?

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला कारण सगळं इंग्रजीत आणि कायदेशीर भाषेत, मला भाचीला दोनदा फोन करून विचारावं लागलं. तिला टेक्सासच्या दोघांच्या दोन्ही मतदानांचे फोटो पाठवले, तिनं नवऱ्यालाही दाखवले. आणि मी आमच्या भागातल्या तेव्हाच्या खासदारांना पत्र टाकलंय, 2019 ला त्या आवाजात तुमचा आवाज कोणत्या बाजूचा होता म्हणून. उत्तर आलं की इथंच लिहितो.