हिवाळ्यासाठी हॉट टब बंद करताना: मिनेसोटातील एका मोसमाचा अनुभव

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिसच्या उपनगरात आमच्या मागच्या अंगणात सुमारे १५०० लिटरचा हॉट टब, म्हणजे गरम पाण्यात बसण्याचे मोठे टाके, आहे. हिवाळाभर आम्ही पुण्यात राहणार असल्याने तो रिकामा करून ठेवायचे ठरले, आणि त्यासाठी ओला कचराही ओढणारा व्हॅक्यूम, गुलाबी अँटिफ्रीझ (थंडीत सहजी न गोठणारे द्रावण) व वरून घालायची ताडपत्री अशी खरेदी केली. एप्रिलमध्ये टब पुन्हा भरला आणि आता उन्हाळा सरत आल्यावर हे लिहितो आहे.

जे हिवाळ्यात घरीच असतात, त्यांनी टब बंद करण्याच्या फंदात मुळीच पडू नये. बाहेर उणे २० अंश सेल्सिअस असताना ४० अंशांच्या पाण्यात बसता यावे, यासाठीच तर हा खर्च केलेला असतो, आणि गरम पाणी फिरत आहे तोवर नळ्या गोठत नाहीत. घर रिकामे असेल तर मात्र वीज गेलेली किंवा ब्रेकर पडलेला कोणाच्या लक्षातही येत नाही.

ब्रेकर बंद करून तळाची तोटी सोडली की टब कोरडा दिसू लागतो; पण जेटच्या (टबात पाण्याचे फवारे सोडणाऱ्या तोंडांच्या) नळ्यांत, पंपाच्या पोटात आणि हीटरच्या नळकांड्यात पाणी उरतेच, आणि गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगत असल्यामुळे नळ्या तडकतात. म्हणूनच व्हॅक्यूम ही माझ्या मते या यादीतील सर्वांत मोलाची वस्तू आहे. त्याची नळी हवा फेकणाऱ्या तोंडाला लावून एका जेटमध्ये धरली, की शेजारच्या जेटमधून आधी पाण्याची चिळकांडी उडते, मग नुसती गुळगुळ ऐकू येते आणि शेवटी कोरडी हवा लागते. तेथवर आल्याशिवाय पुढच्या जेटकडे जाऊ नये. त्यानंतर नळी पुन्हा ओढणाऱ्या तोंडाला लावून तळातील पाणी काढावे. त्याआधी आतला कागदी फिल्टर काढून ठेवावा, नाहीतर त्याचा लगदा होतो.

अँटिफ्रीझ प्रॉपिलीन ग्लायकॉलचेच घ्यावे, कारण मोटारीत घालतात ते बहुधा एथिलीन ग्लायकॉलचे आणि विषारी असते. डब्यावरचा उणे ५० हा आकडा फॅरेनहाइटमधला असून तो नळी न फुटण्याची मर्यादा सांगतो. द्रावणाचा चिखल त्याच्या कितीतरी आधी होऊ लागतो. उरलेल्या पाण्याने ते पातळही होते, त्यामुळे नळ्या नीट न फुंकता नुसते डबे ओतणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. पंपाच्या उघड्या बुचातून गुलाबी धार येईपर्यंत ते ओतले. बूच हिवाळाभर काढूनच ठेवायचे असते. आम्ही ते पिशवीत घालून ब्रेकरच्या पेटीला बांधले, म्हणजे ते बसवल्याशिवाय कोणी वीज सुरू करणार नाही.

ताडपत्रीने मात्र निराशा केली. जानेवारीतच तिच्या कडेचे लवचिक बंद तुटल्याचे शेजाऱ्यांनी कळवले आणि दुकानाने नुकसानभरपाई नाकारली. मूळ झाकणाखाली प्लायवूडची फळी टाकली होती, तिच्यामुळे बर्फाच्या भाराने झाकण खचले नाही.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा भरलेल्या पाण्याला नळ्यांत उरलेल्या अँटिफ्रीझमुळे दाट फेस आला. ते पाणी थोडा वेळ फिरवून सोडून द्यावेच लागते. हीटरच्या जोडाचे रबरी वायसर कडक झाले होते, ते बदलले. किंमत किरकोळ होती. त्यानंतर आजवर कोठेही गळती नाही. पुढच्या हिवाळ्यातही हेच साहित्य वापरीन, फक्त ताडपत्री दोरीने आवळायची, कड्यांची घेईन.