तिघांच्या वेगाने पाहिलेला वाहनमुक्त रस्ता

गुण आधीच सांगून टाकते: पाचपैकी साडेतीन. कापलेल्या दीड गुणांपैकी एक त्या स्टेजसाठी आणि अर्धा बसच्या प्रवाशांसाठी. बाकी तक्रारी आहेत, पण त्यांच्यासाठी गुण कापावेत असं वाटलं नाही.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक रुंद, मधे दुभाजक असलेला रस्ता आहे. रविवारी सकाळी तो गाड्यांसाठी बंद ठेवतात. दोन्ही टोकांना बॅरिकेड, मधल्या चौकांत स्वयंसेवक, आणि आतला सगळा डांबरी पट्टा चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना आणि स्केट्स घातलेल्या पोरांना मोकळा. प्रवेश फुकट, नावनोंदणी नाही, टी-शर्ट घ्यायची सक्ती नाही. मी जाते ती दोघांना बरोबर घेऊन. मुलगा तिसरीत आहे, त्याची सायकल असते. सासरे ऐंशीच्या घरात आहेत, ते चाकांचा वॉकर घेऊन चालतात. त्यामुळे हे मत तीन वेगवेगळ्या वेगांचं आहे. जे शर्यतीच्या सायकली घेऊन वाऱ्यासारखे निघून जातात त्यांना इथे काय मिळतं हे त्यांनी लिहावं. माझं विचाराल तर त्यांना फारसं काही मिळू नये.

सगळ्यात आधी डांबराबद्दल, कारण त्याबद्दल कुणी लिहीत नाही. फूटपाथ म्हणजे प्रत्येक फाटकापाशी उतार, मग पुन्हा चढ, मधे हलणारी फरशी, झाडाचं आळं, त्यापुढे लावलेली स्कूटर. बाबांना तिथे वॉकर ढकलता येत नाही. उचलायचा, पुढे ठेवायचा, मग पाऊल, असं दर दहा हातांवर. डांबरावर तो सरळ घरंगळतो. फूटपाथवर बाबा खाली बघून चालतात, इथे समोर बघून चालतात. एरवी घरातून निघून कोपऱ्यापर्यंत जातानाही जो माणूस गप्प असतो तो इथे दुतर्फा इमारतींवर टीका करत चालतो. कुणाची बाल्कनी बाहेर आली आहे, कुठलं झाड गेल्या पावसाळ्यात नाहक तोडलं, सगळं. एवढ्या एका गोष्टीसाठी या उपक्रमाचे दोन गुण मी आधीच बाजूला काढून ठेवले होते.

मुलाचा हिशेब वेगळा. सोसायटीच्या आवारात तो सायकल चालवतोच, पण तिथे चालवणं म्हणजे गोल गोल फिरणं. वळण आलं की ब्रेक, गाडी आली की उतर. लांब सरळ पट्टा मिळाल्याशिवाय सायकलच्या काही गोष्टी शिकताच येत नाहीत. उदाहरणार्थ, मान वळवून मागे बघणं. मान उजवीकडे वळली की हँडलही उजवीकडे जातं, आणि पाच फुटांच्या गल्लीत असं झालं की भिंत येते. इथे जागा होती म्हणून हँडल गेलं तरी काही बिघडलं नाही. मग हळूहळू खांदा न हलवता मान वळवायचं जमलं. हात दाखवून वळायचंही तसंच. एक हात सुटला की सायकल लटपटते आणि पोरगं घाबरून हात परत ठेवतं. आता तो दुभाजकाच्या तोंडापाशी नीट हात दाखवून वळतो आणि मागे बघून मी पाहिलं का याची खात्रीही करून घेतो.

दुरुस्तीचा तंबू हा इथला सगळ्यात कामाचा भाग. हवा भरून मिळते, पंक्चर काढून मिळतं, ब्रेकची तार आवळून देतात. तिथले काका उतरलेली चेन स्वतः चढवत नाहीत. ‘मागचा गिअर दाब, आता चेन खालच्या दातावर धर, आता पॅडल उलटं फिरव’ असं सांगत पोरांकडूनच चढवून घेतात. काळे हात झालेली पोरं तंबूबाहेर मोठ्या ऐटीत फिरत असतात. त्याच्याच शेजारी फुकट एक फेरी मारायला सायकली ठेवल्या आहेत, त्यांच्याबद्दल मात्र फार बोलण्यासारखं नाही. सगळ्यांच्या सीट एकाच उंचीवर गंजून बसल्या आहेत.

आता चौक. असा रस्ता चालतो की फसतो हे चौकात कळतं. मधला आडवा रस्ता बंद करता येत नाही, तिकडून गाड्या जाणारच. तिथे कॉलेजची मुलं दोरी घेऊन उभी असतात. सिग्नल गाड्यांना हिरवा झाला की दोघं दोन बाजूंनी दोरी कमरेएवढी ताणून धरतात, लाल झाला की सोडून देतात आणि दोरी जमिनीवर सपाट पडते. साधं वाटतं, पण दोरी कधी टाकायची याला अंदाज लागतो. पिवळ्यात घुसणारा एक तरी असतोच, म्हणून चांगली मुलं लाल झाल्यावरही दोन श्वास थांबतात. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. वॉकर मध्यावर असताना दिवा बदलला तर एक मुलगी सरळ गाड्यांपुढे जाऊन हात आडवा करून उभी राहते. पैकीच्या पैकी. या मुलांना सावलीची सोय कुणी का करत नाही हे मात्र मला समजलेलं नाही.

आणि मग स्टेज. पहिला तासभर या रस्त्यावर सायकलच्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येते, चपलांचा आवाज ऐकू येतो, माणसं एकमेकांशी साध्या आवाजात बोलतात. त्यानंतर रस्त्याच्या बरोबर मधोमध स्टेज सुरू होतं. माणसापेक्षा उंच स्पीकर, प्रायोजकांचे फ्लेक्स, आणि ‘आवाज येत नाहीये, आवाज!’ असं ओरडणारा निवेदक. समोर झुंबा करणाऱ्यांची गर्दी रस्त्याची सगळी रुंदी अडवते. सायकलवाल्यांना उतरून सायकल ढकलत न्यावी लागते, बाबागाड्या अडकतात, आणि चालणारे तिथेच थबकून मोबाइल वर धरतात. म्हणजे सकाळभर मेहनत करून गाड्यांकडून रस्ता सोडवला आणि मधेच तो स्वतःच अडवून ठेवला. स्टेजच्या पलीकडचा अर्धा भाग त्यानंतर जवळजवळ रिकामा असतो, कारण तिकडे कुणी पोचतच नाही. झुंबावर माझा राग नाही, जागेवर आहे.

याचं उत्तर कुणी नव्याने शोधायचीही गरज नाही. असे रस्ते जगात ज्या शहरामुळे गाजले त्या कोलंबियातल्या बोगोटामध्ये ‘सिक्लोविया’ची सुरुवात 15 डिसेंबर 1974 ला झाली. आज तिथे दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत 120 किलोमीटरहून जास्त लांबीचे रस्ते चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळे असतात. तिथेही गाण्यांवर नाच-व्यायाम होतोच, 1990च्या दशकापासून. पण तो बागांत आणि चौकांतल्या मोकळ्या जागांत. हालत राहणारे रस्त्यावर, जागच्या जागी उड्या मारणारे कडेला. आमच्या या रस्त्यालाही लागूनच मैदान आहे. त्याचं फाटक त्या सकाळी कुलूपबंद असतं!

बोगोटाची आणखी एक युक्ती उचलावी अशी आहे. दुभाजक असलेल्या बऱ्याच रस्त्यांवर तिथे एकच बाजू लोकांना देतात आणि दुसरीवरून गाड्या चालू ठेवतात. आमच्याकडे दोन्ही बाजू बंद करतात, आणि तेवढी माणसं नसल्यामुळे दोन्ही अर्ध्या ओस पडतात. एक बाजू दिली तर त्याच बॅरिकेडमध्ये आणि तेवढ्याच स्वयंसेवकांत लांबी वाढवता येईल. मला रुंदी नको, लांबी हवी. लांबी असली की माणूस कुठेतरी जातो. कुणी बहिणीकडे, कुणी वाचनालयात, कुणी रेल्वे स्टेशनपर्यंत. आखूड पट्ट्यावर लोक दोन फेऱ्या मारतात, फोटो काढतात आणि घरी जातात. न्यूयॉर्कमध्ये 2008 पासून ऑगस्टमधल्या शनिवारी ‘समर स्ट्रीट्स’ भरवायला लागले, तेव्हा ब्रुकलिन ब्रिजपासून थेट सेंट्रल पार्कपर्यंत रस्ता मोकळा केला होता. म्हणजे दोन्ही टोकांना जावंसं वाटेल असं ठिकाण. आमच्या पट्ट्याच्या एका टोकाला पेट्रोल पंप आहे आणि दुसऱ्या टोकाला उड्डाणपुलाचा खांब.

आता बसचं. बाबांनी उभी हयात शहर बस चालवली, त्यामुळे रस्ता बंद म्हटलं की त्यांना आधी मार्ग बदललेली बस दिसते. एका थांब्यावर दोन मोठ्या पिशव्या घेऊन एक बाई उभ्या होत्या. आम्ही जाताना उभ्या, वळून येताना उभ्याच. बाबा म्हणाले, ‘‘अगं, त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. बस मागच्या रस्त्याने जातेय.’’ मग मी जाऊन सांगितलं. थांब्यावर एक कागद चिकटवलेला नव्हता. रविवारी सकाळी कामावर जाणारी माणसं असतात, आणि ती बहुतेक बसनेच जातात. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाच वाहनमुक्त रस्त्याचा सगळ्यात जास्त त्रास व्हावा हे मला पटत नाही, म्हणून अर्धा गुण कापला. जकार्तामध्ये सुदिरमान आणि थामरिन या हमरस्त्यांवर रविवारी सकाळी गाड्या बंद असतात, पण ट्रान्सजकार्ताच्या बस आपल्या वेगळ्या मार्गिकेतून चालूच राहतात. माणसांनी भरलेल्या रस्त्यामधून बस शांतपणे जाते. हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ड्रायव्हरला किती वेगाची मुभा आहे हा.

आतल्या इमारतींत राहणाऱ्यांची सोय त्यामानाने चांगली आहे. कुणाला गाडी बाहेर काढायचीच असेल तर स्वयंसेवक गाडीपुढे चालतो आणि गाडी त्याच्या मागून माणसाच्या चालीने येते. मोटारीला माणसाच्या चालीने चालावं लागताना बघण्यात जी गंमत आहे ती मी लपवणार नाही. खरी अडचण बाजूच्या गल्ल्यांत होते. चालायला म्हणून लोक मोटारीने येतात आणि गल्लीत मिळेल तिथे गाडी लावतात. ‘चालण्याची चळवळ’ असं छापलेला टी-शर्ट घालून दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावणारे एक गृहस्थ मी पाहिले. रहिवाशाने विचारलं तर म्हणाले, ‘‘दोन तासांचा तर प्रश्न आहे.’’

दुकानदारांचं म्हणाल तर सकाळच्या त्या वेळात बहुतेक शटर बंदच असतात, त्यामुळे धंदा बुडतो ही ओरड मला फारशी ऐकू आली नाही. पिण्याचं पाणी आहे. स्वच्छतागृह नाही, आणि बाबांच्या वयाच्या माणसांसाठी हा प्रश्न पाण्याच्या आधीचा असतो. बसायला जागा म्हणजे दुभाजकाचा कठडा.

सातत्याबद्दल मात्र आयोजकांना ऐकवायलाच हवं. कधी कुठली मिरवणूक, कधी रस्त्याचं काम, कधी नुसतंच ‘काही अपरिहार्य कारणास्तव’. रद्द झाल्याचा निरोप आदल्या रात्री उशिरा येतो. सायकल पुसून, हवा भरून झोपलेल्या पोराला सकाळी काय सांगायचं ते आयोजकांनी येऊन सांगावं. टोकियोच्या गिन्झामध्ये मुख्य रस्ता शनिवार-रविवारी दुपारनंतर चालणाऱ्यांना मोकळा असतो, ही पद्धत 1970 च्या ऑगस्टपासूनची आहे. लोकांना ती इतकी पाठ झाली आहे की बातमी द्यावी लागत नाही. आपल्या देशात गुडगावला 17 नोव्हेंबर 2013 ला ‘राहगिरी’ सुरू झाली आणि बघता बघता इतर शहरांनी तिचा कित्ता गिरवला. सुरू करायला उत्साह पुरतो. पुढे मात्र पोलीस, पालिका, बस आणि रहिवासी यांच्याशी दर आठवड्याला तेच ते बोलणं करत राहावं लागतं, आणि ते करणाऱ्याचा स्टेजवर सत्कार होत नाही.

‘याने प्रदूषण कमी होतं का’ असं मला शेजारी विचारतात. त्या सकाळी त्या रस्त्यावर हवा बरी असते, एवढं नाकाला कळतं. सोमवारी गाड्या तेवढ्याच असतात. पण गेल्या महिन्यात मुलाने विचारलं की शाळेत सायकलने का जायचं नाही, आणि मला धड उत्तर देता आलं नाही, कारण आता त्याला चालवता येत नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही. शाळेच्या वाटेवरचा चौक बघून आले आहे. तिथे दोरी धरणारं कुणी नाही.

स्टेज मैदानात नेलं आणि बसथांब्यावर कागद लावला तर मी हे साडेतीनचे पाच करायला तयार आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिल्या तासातच जा, स्पीकर सुरू व्हायच्या आत. आणि बरोबर वॉकर, व्हीलचेअर किंवा जुळ्यांची बाबागाडी असेल तर पेट्रोल पंपाच्या टोकाने आत शिरा. उड्डाणपुलाकडच्या बॅरिकेडमधली फट मोटरसायकली घुसू नयेत म्हणून इतकी अरुंद ठेवली आहे की वॉकर तिरका करूनही आत जात नाही, आणि बॅरिकेड सरकवून देणारी मुलं तिथे जरा उशिराच येतात.